इराण आणि ‘चौदाशे वर्षांचं वैर’

आखातात तणाव वाढला की व्हॉट्सॲपवर एक मजकूर हमखास फिरतो. त्याचा आशय असा: इराण जे करतो ते शियांसाठी करतो, शिया-सुन्नींचं वैर चौदाशे वर्षांचं आहे आणि ते कधीच मिटणार नाही. आखातात कोकणातली कितीतरी माणसं राबतात. तिथली अशांतता ‘त्यांचं ते चालायचंच’ म्हणून झटकून टाकणं मला मान्य नाही, म्हणून हे उत्तर.

आधी चौदाशे वर्षांबद्दल. पंथभेद तेवढा जुना आहे, हे खरं. पण इराण शिया देश होऊ लागला तो १५०१ मध्ये सफवी घराण्याच्या शाह इस्माईलने तबरीझमध्ये सत्ता घेतल्यावर. त्याआधी तिथली बहुसंख्य प्रजा सुन्नी होती. १९७० च्या दशकात इराणचे शिया शाह आणि सुन्नी सौदी राजे, दोघंही अमेरिकेच्या छावणीत होते. बिनसलं ते १९७९ च्या इराणी क्रांतीनंतर. राजेशाही इस्लामला धरून नाही, असं क्रांतीचे नेते अयातुल्ला खोमेनी म्हणू लागले आणि आखातातले राजे हादरले.

‘शियांसाठी’ हे तर त्याहून लंगडं. अझरबैजान शियाबहुल आणि अर्मेनिया ख्रिस्ती. नागोर्नो-काराबाख या वादग्रस्त प्रदेशावरून या दोघांत झालेल्या पहिल्या युद्धात तुर्कस्तान आणि अझरबैजानने अर्मेनियाची कोंडी केली, तेव्हा इराणने आपल्या बाजूचा व्यापाराचा रस्ता खुला ठेवला. इराणच्या वायव्येला अझेरी, म्हणजे अझरबैजानच्याच वंशाचे लोक मोठ्या संख्येने राहतात. अझरबैजानच्या राष्ट्रवादाचं लोण तिथवर पोचू नये, ही तेहरानची खरी काळजी. हमास आणि इस्लामिक जिहाद या दोन्ही पॅलेस्टिनी सुन्नी संघटना, तरी त्यांना पैसा आणि शस्त्रं इराणकडून. इराणचा पाठिंबा असलेले येमेनचे हुथी बंडखोर झैदी शिया आहेत, त्यांची शाखा इराणच्या शियांहून वेगळी.

सर्वांत बोलकं उदाहरण इराक-इराण युद्धाचं, १९८० ते १९८८. इराकचा हुकूमशहा सद्दाम हुसेनच्या पायदळात शिया सैनिकांचाच भरणा होता. ते उठाव करतील ही खोमेनींची आशा फोल ठरली. इकडे इराणच्या खुझेस्तान प्रांतातले अरबही सद्दामला सामील झाले नाहीत. दोन्हीकडे माणसं आपल्या देशाच्या बाजूने लढली. याच युद्धात इराणी शहरांवर क्षेपणास्त्रं पडली, २८ जून १९८७ रोजी इराणमधल्या सरदश्त गावावर विषारी वायूचे बॉम्ब टाकले गेले आणि जगाने सद्दामला जाब विचारला नाही. आपल्या मदतीला कोणी येत नाही, तेव्हा लढाई सीमेबाहेरच रोखायची, हा धडा तेहरानने तिथे गिरवला. क्षेपणास्त्रांचा ध्यास आणि शेजारी देशांतल्या सशस्त्र गटांना दिलेलं बळ, दोन्हींची मुळं बरीचशी त्यात आहेत.

म्हणून इराण निर्दोष ठरत नाही. सीरियात असद राजवट टिकवण्यासाठी त्याने जे केलं, त्याची किंमत सामान्य सीरियन लोकांनी मोजली. धर्माचा उपयोगही तिथे पुरेपूर झाला: दमास्कसजवळच्या सय्यदा झैनब या शियांच्या पवित्र दर्ग्याच्या रक्षणाचं नाव पुढे करून इराणमधल्या गरीब अफगाण हजारा (शिया जमात) निर्वासितांना सीरियात लढणाऱ्या फातेमियून दलात भरती केलं आणि त्यातले अनेक परतले नाहीत. भरतीला श्रद्धा कामी आली. पण युद्ध कुठे करायचं, ते राजकीय हिशेबाने ठरलं होतं.

राहिलं ‘कधीच मिटणार नाही’. जानेवारी २०१६ मध्ये सौदीने शिया धर्मगुरू निम्र अल-निम्र यांना देहदंड दिला, तेहरानमध्ये जमावाने सौदी दूतावास जाळला आणि संबंध तुटले. १० मार्च २०२३ रोजी बीजिंगमध्ये ते पुन्हा जोडण्याचा करार झाला. आधीच्या वाटाघाटी इराक आणि ओमानमध्ये झाल्या होत्या. या सात वर्षांत कोणाचाही पंथ बदलला नव्हता. येमेनमधलं युद्ध सौदीला जड जात होतं, निर्बंधांनी इराण जेरीस आला होता, आणि दोघांनाही उसंत हवी होती.