‘भरल्या पोटाची चैन’ म्हणणाऱ्या वाचकांस

सणाच्या भेटी कमी, साध्या आणि पर्यावरणाला सोसतील अशा असाव्यात, या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. ती नावाशिवाय आली असल्यामुळे आपल्याला कसे संबोधावे हा प्रश्न आहे, पण तो मी निर्माण केलेला नाही. इतर वाचकांसाठी प्रतिक्रियेचा गोषवारा देतो. आपले म्हणणे असे की, साधेपणा ही ‘भरल्या पोटाची चैन’ आहे. ज्या मुलाला वर्षातून एकदाच नवी वस्तू मिळते, त्याला जुन्यावर भागवायला सांगणे निर्दयपणाचे आहे. घरी तयार केलेल्या भेटींचे काम शेवटी घरातल्या बाईच्याच गळ्यात पडते. कापडी वेष्टने आणि पिशव्या दिसतात तितक्या निर्दोष नसतात. आणि सगळ्यांनीच खरेदी आवरली तर दुकानदारांनी खायचे काय.

यातला कापडाचा मुद्दा आधीच मान्य करून टाकतो, म्हणजे मी हटवादी आहे असे कोणाला वाटायला नको. डेन्मार्कच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, हवामानावरचा भार दुकानातल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला आणायचा तर साधी सुती पिशवी किमान ५२ वेळा वापरावी लागते, आणि पर्यावरणाचे सगळे निकष एकत्र धरले तर तब्बल ७,१०० वेळा. तेव्हा भेट बांधण्यासाठी मुद्दाम नवे कापड विकत आणण्यात काही अर्थ नाही. घरात पडून असलेली ओढणी किंवा उशीचा जुना अभ्रा पुरतो. माझ्या लेखात ‘घरातले’ हा शब्द होता, परंतु तो चटकन नजरेत भरणारा नव्हता, एवढे आपल्या बाजूने म्हणता येईल. चकचकीत कागदाबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे. मुठीत चुरगाळून सोडल्यावर जो आपोआप उलगडतो, त्यावर बहुधा प्लास्टिकचा थर असतो, आणि तो रद्दीत घातला म्हणून त्याचा पुन्हा कागद होत नाही.

आता ‘भरल्या पोटाची चैन’. हे शब्द आपण उद्गारचिन्हासह लिहिले आहेत आणि पुढच्याच वाक्यात ‘तुमच्यासारख्यांना काय कळणार’ असेही विचारले आहे. मतभेद मला नवा नाही. परंतु भेटवस्तूंबद्दलचा विचार तपासताना लिहिणाऱ्याचे पोट मोजण्याची गरज का पडावी, हे मला समजलेले नाही. आपण मला ओळखत नाही, माझे घर पाहिलेले नाही, आणि तरीही माझ्या परिस्थितीबद्दल इतक्या खात्रीने लिहिता, तेव्हा नाइलाजाने थोडे सांगणे भाग आहे.

मी भावंडांत सर्वांत धाकटा. माझी कंपासपेटी थोरल्या भावाकडून मधल्याकडे आणि मधल्याकडून माझ्याकडे आली. झाकणाच्या आतल्या बाजूला दोघांनी कर्कटकाच्या टोकाने आपापली नावे कोरली होती आणि त्याखाली, गंज चढलेल्या कोपऱ्यात, मी माझे कोरले. सणाला मला सदरा मिळे तो मोठ्यांच्या कपड्यांतून उरलेल्या कापडाचा. घरात निजानीज झाली की आई शिवणयंत्रावर बसे. कापड कमी पडले तर पाठीवर जोड देई आणि तो जोड कॉलरच्या खाली असा बसवी की शाळेत कोणाच्या लक्षातही येत नसे. त्या सदऱ्यांत मला कधी कमीपणा वाटला नाही. साधेपणा मी पोट भरल्यावर शिकलो, असे ज्यांना वाटते त्यांनी हे लक्षात घ्यावे. कंपासपेटी आजही माझ्याकडे आहे. (आपल्याला दाखवण्यासाठी जपलेली नाही.)

शिवाय जास्त भेटींचा बोजा कोणावर पडतो, याचा आपण विचार केलेला दिसत नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ च्या सुमारासच दाखवून दिले होते की भेट देणे, ती स्वीकारणे आणि तिची परतफेड करणे, ही तिन्ही बंधनेच असतात. सुखवस्तू काकांनी महागडी वस्तू दिली की कमी उत्पन्नाच्या पुतण्याला तोलामोलाचे काहीतरी शोधावे लागते, प्रसंगी उसने पैसे घेऊन. एकत्र जमणाऱ्या कुटुंबात १२ माणसे असतील आणि प्रत्येकाने इतर प्रत्येकाला काही द्यायचे ठरवले, तर १३२ वस्तू होतात. नावांच्या चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाने एकालाच द्यायचे ठरवले, तर १२. हा हिशेब कोणाच्या खिशाला आधी दिलासा देतो? सधन माणसाला १३२ काय आणि १२ काय, दोन्ही सारखेच. आणि घेणाऱ्याला तरी त्या साऱ्या वस्तू हव्या असतात असे नाही. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जोएल वॉल्डफोगेल यांनी १९९३ साली विद्यार्थ्यांना मिळालेल्या भेटींचा अभ्यास केला, तेव्हा दिलेल्या किमतीपैकी एक दशांश ते एक तृतीयांश इतके मूल्य घेणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही, असा त्यांचा अंदाज निघाला. ज्याचा पैसा मोजका, त्याने ही गळती सोसावी, असे आपले म्हणणे आहे काय?

मुलांना नवे काही देऊच नका, असे माझ्या लेखात कोठेही नाही. कृपया पुन्हा वाचावा. अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठात लहान मुलांवर झालेल्या २०१८ च्या प्रयोगात १६ खेळण्यांऐवजी ४ खेळणी समोर ठेवल्यावर मुले प्रत्येक खेळण्याशी अधिक वेळ आणि अधिक तऱ्हांनी खेळली, एवढाच माझा आधार होता.

घरातल्या बाईच्या श्रमांचा विषय मोठा आहे आणि त्याला या लेखात ओढण्याचे कारण नव्हते. आमच्या घरात तरी त्याबद्दल कोणाची तक्रार मी ऐकलेली नाही. दुकानदारांचे काय, याचे उत्तर द्यायला मी अर्थमंत्री नव्हे.

आपली प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही आणि टाकणारही नाही. मात्र चिठ्ठ्यांची पद्धत हा माझ्या लेखाचा अर्धा भाग होता आणि तिच्याबद्दल आपण एक अक्षरही लिहिलेले नाही. त्यात काय चुकते आहे ते अवश्य लिहावे, शक्य झाल्यास नावानिशी.