छप्पन हर्ट्झ

माझी खोली पूर्वी कोठीची खोली होती. आजोबांच्या काळात तिथं गहू असे, बाबांच्या काळात उन्हाळा संपला की कूलर असे, आणि आता मी असतो. रामबागेतलं जुनं घर आहे. खोली दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि छतही बरोब्बर दहा फुटांवर. बांधणाऱ्या मिस्त्रीनं बहुधा एकच काठी घेऊन तिन्हीकडे मापलं असावं. मी तिथं टेबल, दोन स्पीकर आणि एक फिरती खुर्ची मांडली आणि दारावर ‘स्टुडिओ’ असं लिहिलं. त्याखाली आईनं ‘चपला बाहेर’ लिहिलं. उद्घाटन झालं.

दिवसा मी नोकरी करतो, रात्री लोकांची गाणी मिक्स करतो, म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज एकमेकांशी जुळवतो. लोक म्हणजे नातेवाईक. या खेपेला आत्याचं महिला भजनी मंडळ होतं. अठरा बायका, पेटी, टाळ, तानपुऱ्याचं इलेक्ट्रॉनिक यंत्र आणि पखवाजावर अण्णा. सहा अभंग करायचे, गणपतीत मांडवात वाजवायचे आणि पुण्याच्या जावांना पाठवायचे. “इंदूरला पण मराठी आहे म्हणावं,” असा एकूण उद्देश. त्यात आतेभावानं नवीन बेस गिटार घेतली होती. त्याला घेतलं नसतं तर आत्यानं मला घेतलं नसतं.

मंडळाची पट्टी पांढरी सहा. आतेभावाला एवढं कळलं की बेस गिटारची एक तार मोकळी सोडली की आपोआप तोच षड्ज लागतो, ५५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला पंचावन्न कंपनांचा. बोटांना काही काम नाही. सहाही अभंग त्यानं त्या एका तारेवर काढले. अधूनमधून दुसऱ्या तारेवर जाऊन आल्याचा पुरावा आहे, पण तो चुकून झाल्यासारखा वाटतो.

मी मिक्स करायला बसलो, तर बेस ऐकूच येईना. पखवाजाची उजवी बाजू टणटणीत, डावी मात्र पुठ्ठ्याचं खोकं वाजवल्यासारखी. गिटार तर जणू सुट्टीवर. मी आवाज थोडा चढवला. मग अजून थोडा. तेवढ्यात दारात आई.

“काय करून राहिलास रे आत? देव हलून राहिलेत.”

“अगं, बेसच नाहीये यात. तोच तर वाढवतोय.”

“बेस नाहीये? मांडणीवरची फुलपात्री नाचून राहिलीत!”

हे भांडण दोन आठवडे चाललं. मी खुर्चीत, ती दाराच्या कोपऱ्यात. ती म्हणे फार घुमतंय, मी म्हणे अजिबात घुमत नाही. गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत होतो.

त्याचं असं आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. दहा फुटांच्या खोलीत समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये जो सूर नेमका अडकतो, त्याची लांबी खोलीच्या दुप्पट, म्हणजे वीस फूट. भागाकार केला की येतात ५६ हर्ट्झ. हा सूर भिंतींपाशी, विशेषतः कोपऱ्यात, मातलेला असतो आणि खोलीच्या बरोब्बर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. साधारण खोलीत लांबी, रुंदी, उंची वेगवेगळ्या असल्यानं असे तीन सूर तीन ठिकाणी वाटले जातात. आमच्या मिस्त्रीच्या कृपेनं तिन्ही एकाच ठिकाणी. आणि मी समतोल ऐकू यावं म्हणून, फूटपट्टीनं मोजून, खोलीच्या ऐन मध्यावर खुर्ची ठेवली होती. बसल्यावर कानही मजला आणि छत यांच्या मध्याच्या आसपास. जगात ५६ हर्ट्झ ऐकू न येणारी जागा शोधायची म्हटलं तर याहून चांगली सापडली नसती.

इंदूरच्या माणसाला छप्पन म्हटलं की छप्पन दुकानं आठवतात आणि भूक लागते. मला आता छप्पन म्हटलं की घाम फुटतो. बरं, हा आकडा जानेवारीतला. हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो, त्यामुळं मे महिन्यातल्या चाळीस अंशांत तोच आकडा अठ्ठावन्नाच्या वर सरकतो. खोलीसुद्धा उन्हाळ्यात पट्टी चढवते.

दुसरी भानगड त्याच्या दुपटीला. ११२ हर्ट्झचा सूर मध्यावर उलट उसळून येतो. बायकांच्या तानपुऱ्याचा खर्ज पांढरी सहामध्ये ११० वर, म्हणजे शेजारीच. मला तो ढोलासारखा ऐकू येई, म्हणून मी तो कापत गेलो. थोडक्यात, जे कापायला नको होतं ते मी कापत होतो आणि जे वाढवायला नको होतं ते वाढवत होतो, तेही पूर्ण आत्मविश्वासानं. स्क्रीनवर आलेख असतो, त्यात ५५ वर चक्क उंटाची मदार दिसत होती. पण मी कानावर विश्वास ठेवणारा कलावंत. आलेख बघून मिक्स करणाऱ्यांना मी मनातल्या मनात कारकून म्हणत असे.

रात्री साडेदहानंतर वेगळाच खेळ. आई भिंतीवर बुक्की मारी, मी आवाज कमी करी, आणि कमी केला की उरलासुरला बेसही गायब होई. हा कानाचा स्वभाव आहे. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली मोजून दाखवलं की आवाज हळू असला की खालचे सूर आपल्याला प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतात. मला हे माहीत होतं. पण रात्री पावणेबाराला माहिती कुठं उपयोगी पडते? मी बेस अजून दोन डेसिबल वर ढकलून झोपायला गेलो.

बाबांनी मध्येच सल्ला दिला, “अंड्यांचे ट्रे लाव भिंतीला. स्टुडिओत लावतात.” आमच्या घरात अंडं येत नाही, ट्रे कुठून येणार, हा प्रश्न आईनं विचारला. मी म्हटलं, ट्रेनं काही होत नाही. बाजारात मिळणाऱ्या पातळ फोमनंही वरचे सूर मरतात, खालचे हसत राहतात. ५६ हर्ट्झला भिंतीजवळ नीट अडवायचं तर लहरीच्या पाव लांबीइतकी, म्हणजे पाच फूट जाडीची गादी हवी.

“मग लाव ना.”

“बाबा, खोली दहा फुटांची आहे.”

“बरं झालं. पाच फुटांत मावशील तू.”

शेवटी मिक्स तयार झाला. तो मास्टर करताना, म्हणजे शेवटचा हात फिरवताना, माझ्या अंगात आलं. सगळ्यांपेक्षा मोठा आवाज हवा, म्हणून लिमिटर, म्हणजे ठरावीक पातळीच्या वर गेलेला आवाज खाली दाबणारी सोय, दाबत दाबत नेला. गाणी ऐकवणाऱ्या सेवा मोठा आवाज स्वतःच ओढून खाली, वजा १४ लफ्सच्या (हे आवाजाच्या मोठेपणाचं माप) आसपास आणून ठेवतात, हे ठाऊक असूनही. शेजाऱ्याच्या मांडवापेक्षा आपला मांडव मोठा, ही आपली राष्ट्रीय भावना आहे, ती लिमिटरवर काढली.

मग परीक्षा. पहिली रिक्षात. ओळखीचा रिक्षावाला आहे, त्यानं सीटच्या मागं बेसची जाडजूड नळकांडी बसवली आहे. राजवाड्यापासून जेल रोडपर्यंत गेलो. पहिल्या अभंगाला मीटर थरथरलं, दुसऱ्याला मागची नंबरप्लेट वाजू लागली. तो म्हणाला, “भिया, गाना तो मस्त है, पर इसमें गा कौन रहा है?”

दुसरी परीक्षा आत्याच्या फोनवर. तिथं नेमकं उलटं. फोनचा स्पीकर चिंचोक्याएवढा, तो ५५ हर्ट्झ काय वाजवणार? गिटार नाही, पखवाज नाही, तानपुऱ्याचा डास झालेला आणि अठरा बायका विहिरीच्या काठावर भांडत असल्यासारख्या. आत्यानं फोन उलटा करून बघितला. “अण्णा आले नव्हते का रे त्या दिवशी?”

तिसरी परीक्षा मांडवात. त्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण फार बोलवत नाही. साउंडवाल्याचे ते कपाटाएवढे डबे. खालचे सूर ऐकू येण्यासाठी ताकद फार लागते, त्यामुळं लिमिटरला सगळ्यात मोठा तोच दिसतो. ५५ चा ठोका आला की तो घाबरून सगळं गाणंच खाली दाबतो. म्हणजे पखवाजावर ‘धा’ पडला की बायका गप्प, ‘धा’ सरला की पुन्हा सुरू. पूर्ण अभंगभर. आत्या पहिल्या रांगेत होती.

“तो वाजवून राहिला की आमची तोंडं का बंद करून राहिलास?”

मी लिमिटर समजावून सांगू लागलो. ती म्हणाली, “आमच्या घरात पण तुझे काका बोलले की मी गप्प बसते, पण ते रेकॉर्ड करून गल्लीला ऐकवत नाही.”

गणेश चतुर्थीला आठ दिवस उरले होते. मी निमूटपणे खुर्ची उचलली. समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसून बघा, असं या धंद्यात सांगतात. आमच्याकडे ते पावणेचार फुटांवर येतं. खुर्ची सव्वा फूट पुढे सरकली आणि आतेभावाची तार पहिल्यांदा ऐकू आली. त्या क्षणी मला आईची क्षमा मागावीशी वाटली. मागितली नाही. लग्नात आलेल्या सहा कापसाच्या गाद्या माळ्यावर होत्या, त्या घड्या घालून चारी कोपऱ्यांत रचल्या. पाच फूट नाही, पण कोपऱ्यात मातलेलं बरंच शांत झालं. खोलीला आता बाळंतिणीच्या खोलीसारखा वास येतो.

मग साफसफाई. बायकांच्या माइकवर खालचं सगळं कापलं. अठरा जणी मांडीवर ताल धरतात, सतरंजीवरून तो धपधपाट माइकच्या स्टँडमध्ये चढतो, आणि त्यांच्या गळ्याचं तिथं खाली काहीच नसतं. तानपुऱ्याच्या यंत्राचा अडॉप्टर ५० हर्ट्झवर गुणगुणत होता. आपल्याकडची वीजच ५० ची, तिला वाटतं आपणही भजनात बसावं. तिला उठवलं. कापलेला खर्ज परत दिला. गिटारला सांगितलं, पखवाज बोलला की क्षणभर वाकायचं. कंप्रेसरला, म्हणजे आवाज आपोआप कमी करणाऱ्या सोयीला, तसं जोडता येतं, घरातल्या माणसांना येत नाही. खालचे सूर डावी-उजवी न करता मध्ये एकत्र आणले. पूर्वी तबकड्या काढताना हे करावंच लागे, नाहीतर सुई खोबणीतून उडत असे. फोनसाठी गिटारवर हलकासा खरखरीतपणा चढवला. त्यानं मूळ सुराच्या वरचे सूर जन्माला येतात, आणि ते ऐकून कान खालचा सूर स्वतःच कल्पून घेतो.

पखवाजाची डावी मात्र बधेना. काही केलं तरी ‘धा’ लांबत जाई, पुढच्या बोलावर सांडे. चार प्रकारची औषधं करून झाल्यावर अण्णांना फोन केला. अण्णा दुसऱ्या दिवशी पखवाज घेऊन आले आणि माझ्या खोलीत न येता सरळ स्वयंपाकघरात गेले.

“वहिनी, वाटीभर कणीक द्या.”

पखवाजाच्या डाव्या तोंडावर सूर खाली आणायला कणीक थापतात. रेकॉर्डिंगच्या दिवशी आत्याच्या घरी ती सैल भिजवली होती आणि घाईत जास्त थापली गेली होती, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. मला का नाही सांगितलं? “तू कॉम्प्युटरमध्ये बघून राहिला होतास.” त्यांनी लिंबाएवढा गोळा घेतला, थोडं पाणी लावून मळला, डाव्या पुडीच्या, म्हणजे त्या तोंडावरच्या कातड्याच्या, मध्यावर दाबून अंगठ्यानं कडेकडेनं बसवला. एक थाप मारली. मान हलवली. नखानं कडेची चिमूटभर काढली. पुन्हा थाप. पुन्हा चिमूट, या वेळी हरभऱ्याएवढी. तिसऱ्या थापेला ओट्यावरचं झाकण वाजायचं थांबलं आणि आवाज खोल, गोल, जागच्या जागी बसला. नाना पानसे होळकरांच्या दरबारात याच गावात पखवाज वाजवत. अण्णा त्यांचं नाव काढताना कानाच्या पाळीला हात लावतात, तसा लावला आणि म्हणाले, “चल, घे तुझं ते.”

मी स्वयंपाकघरातच माइक लावला. सहाही अभंगांचा पखवाज नव्यानं घेतला. डाव्या बाजूला मिक्समध्ये मी काहीही केलं नाही, हे आतेभावाला सांगितलेलं नाही. पुडीवरून काढलेली कणीक आईनं गायीला घातली.

चतुर्थीच्या आदल्या रात्री आत्या फोन घेऊन आली. अख्खा अभंग कानाशी धरून, डोळे मिटून ऐकला. पखवाज होता, गिटार होती, बायका शेवटपर्यंत गात होत्या. आई दारात, कोपऱ्यात, नेहमीच्या जागी. फुलपात्री गप्प. आत्यानं डोळे उघडले.

“छान झालंय रे. अण्णा येऊन राहिलेत ऐकू.” मग दाराकडे बघून आवाज खाली आणला. “फक्त ती मागच्या रांगेतली आमची खजिनदार आहे ना, ती किती हर्ट्झवर येते ते बघ जरा.”