हॅम्लेटच्या आईला माहीत होतं का?

काल कट्ट्यावर शेक्सपीअरच्या हॅम्लेट नाटकावरून जी जुंपली ती चहावाल्याने शटर ओढलं तरी थांबली नाही, आम्ही तिथेच पायरीवर बसून. सुरुवात मंदारची. म्हणाला, बापाच्या खुनाचा सूड घ्यायला चालढकल करतो म्हणून सगळे हॅम्लेटलाच झोडतात, पण खरी गुन्हेगार त्याची आई, गर्ट्रूड. नवरा, म्हणजे राजा, जाऊन दोन महिने झाले नाहीत तर दिराशी, क्लॉडियसशी लग्न, आणि म्हणे त्यानेच केलेल्या खुनाचा तिला पत्ताच नाही!

राग येतोच, नाही कुठे म्हणतोय मी. हॅम्लेट स्वतःच म्हणतो, बापाच्या मयतीमागे चालताना तिच्या पायात जे जोडे होते तेसुद्धा जुने झाले नव्हते, आणि मयतीच्या जेवणातलं उरलेलं थंडगार उचलून लग्नाच्या टेबलावर मांडलं. तेराव्याचं अन्न लग्नाच्या पंगतीला वाढल्यासारखंच झालं की हे, वाचलं की पोटात कालवतं.

पण मंदार, घाईचं लग्न वेगळं आणि खून वेगळा रे. तिच्या खोलीतला प्रसंग बघ, हॅम्लेटने आत्ताच पडद्यामागे लपलेल्या दरबारी पोलोनियसला भोसकलंय, ती ओरडते हे काय केलंस, आणि तो म्हणतो, राजाला मारून त्याच्या भावाशी लग्न करण्याइतकंच वाईट. त्यावर ती फक्त एवढंच म्हणते, राजाला मारून? बस. सामील असलेली बाई इथे सारवासारव करेल, चिडेल, काहीतरी करेल, ही नुसती त्याचेच शब्द परत उच्चारते. आणि त्याच्या आधी हॅम्लेटने मुद्दाम करवलेलं नाटकातलं नाटक चालू असताना, बापाच्या खुनासारखंच, कानात विष ओतलेलं बघून उठतो कोण, तर क्लॉडियस. ही त्याला शांतपणे विचारते, बरं वाटत नाहीये का.

वैशाली म्हणाली, १६०३ ला जी पहिली प्रत छापली गेली तिच्यात तर ती सरळ शपथ घेऊन सांगते की मला यातलं काही माहीत नव्हतं, वर मुलाला साथ द्यायचं कबूलही करते. मंदारने लगेच उडवलं, ती प्रत मोडकीतोडकी आहे, पुढच्याच प्रतीच्या जवळपास निम्मी, तिच्यावर काय विश्वास ठेवायचा. हा मुद्दा त्याचा बरोबर आहे, मी मानतो.

अण्णा इतका वेळ गप्प होते. म्हणाले, आगरकरांनी १८८२ ला डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले आणि १८८३ ला त्यांचं हॅम्लेटचं मराठी रूपांतर विकारविलसित आलं, पुढे गणपतराव जोशींनी त्यातला नायक गाजवला, पण लोक त्या एकट्याला बघायला जायचे, आईला काय वाटलं असेल हे विचारायची कुणाला गरजच वाटली नाही. त्या काळी आपल्याकडे स्त्रीपार्टी पुरुषच असायचे आणि शेक्सपीअरच्या कंपनीतही बायकांची कामं मुलंच करायची. मी म्हटलं अण्णा, तरीपण लिहिणाऱ्याने तिला जे दिलंय ते दिलंच आहे ना.

शेवटचा अंक बघा. विषाचा पेला हॅम्लेटसाठी ठेवलेला, ती उचलते, क्लॉडियस म्हणतो पिऊ नकोस, ती म्हणते मी पिणार, माफ करा. नवऱ्याचं न ऐकता पिते. मग ती कोसळल्यावर हा सगळ्यांना सांगतो की रक्त बघून तिला भोवळ आली, आणि ती मरता मरता त्याचं खोटं तिथल्या तिथे उघडं पाडते, नाही नाही, पेला, तो पेला, माझ्या लाडक्या हॅम्लेट! पाच अंक घोळ घालत बसलेला मुलगा तिच्या त्या ओरडण्यावर दारं बंद करा म्हणतो, मग पोलोनियसचा मुलगा लाएर्टीसही मरता मरता राजाचं नाव घेतो आणि क्षणात तलवार चालते. सूडाची दोरी तिने ओढली असं मला अगदी मनापासून वाटतं.

मंदार थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, ठीक आहे, पण पोलोनियसची मुलगी ओफेलिया बुडाली ते गर्ट्रूड कसं सांगते आठव, विलोची फांदी मोडली, झगा पाण्यावर पसरून ती थोडा वेळ तरंगत राहिली, जुनी गाणी म्हणत होती. इतकं बारीक सांगतेय म्हणजे काठावर कुणीतरी उभं होतं ना, मग ओढून का नाही काढलं तिला?

वैशाली म्हणाली, शनिवारी चौथा अंक घेऊन या सगळ्यांनी.