रेंजर्स बुडाला तो टीडीएसपायी

आमच्या फुटबॉलच्या ग्रुपवर परवा पुन्हा तेच. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या रेंजर्स क्लबची लीग विजेतेपदं किती, 55 की 2012 नंतरचं फक्त 1? ग्लासगोत नोकरीला असलेला आमचा मित्र आता पक्का सेल्टिकवाला, म्हणजे रेंजर्सच्या कट्टर प्रतिस्पर्धी क्लबचा चाहता झालाय. त्याच्या मते 2012 साली जुना क्लब मेला, आज आयब्रॉक्सवर, रेंजर्सच्या मैदानावर, खेळतो तो वेगळाच. दुसऱ्याचं म्हणणं, कंपनी बुडाली, क्लब तोच. मग ईबीटी, सुप्रीम कोर्ट, चोर-चोर, आणि शेवटी एकमेकांचे आईबाप निघाले. मी पेशाने सीए, जन्माने कोल्हापूरकर. पेठापेठांतली फुटबॉलची खुन्नस बघत वाढलोय, त्यामुळे शिव्यांचं काही वाटत नाही. पण दोन्ही बाजू घटनांचा क्रमच चुकीचा सांगतात, ते मात्र बघवत नाही.

आधी ईबीटी, म्हणजे एम्प्लॉयी बेनिफिट ट्रस्ट, काय ते बघू. 2001 ते 2010 या काळात, डेव्हिड मरेंच्या मालकीत, क्लबने खेळाडू, कर्मचारी आणि डायरेक्टर यांच्यासाठी एका ट्रस्टमध्ये पैसे टाकले, साधारण 4.7 कोटी पौंड. त्या ट्रस्टमधून प्रत्येकाच्या नावे एक पोटट्रस्ट निघायचा आणि तो त्या खेळाडूला 'कर्ज' द्यायचा. कर्ज जिवंतपणी फेडायची घाई नाही. पगार दाखवला असता तर त्यावर कर लागला असता, कर्जावर कसला कर? कागदोपत्री देखणं काम. फक्त एक भानगड होती. 'तुला इतके पैसे ट्रस्टमार्फत मिळतील' असं सांगणारं वेगळं पत्र खेळाडूला दिलं जायचं आणि ते फुटबॉल संघटनेकडे नोंदवलंच जायचं नाही. सगळं नियमात बसत होतं तर पत्र कपाटात का, याचं पटेल असं उत्तर मला आजवर एकाही रेंजर्सवाल्याने दिलेलं नाही.

पण मंडळी, क्लब यामुळे बुडाला नाही. तारखा बघा. फेब्रुवारी 2012 मध्ये क्लब प्रशासकांच्या, म्हणजे कर्जबाजारी कंपनी सावरायला नेमलेल्या लोकांच्या, ताब्यात गेला. तेव्हा ईबीटीचा निकाल लागलेलाच नव्हता. नोव्हेंबर 2012 मध्ये पहिल्या कर न्यायाधिकरणाने दोन विरुद्ध एक अशा मताने बहुतांशी क्लबच्या बाजूने कौल दिला, पण तोवर जुनी कंपनी लिक्विडेशनमध्ये, म्हणजे गाशा गुंडाळायच्या प्रक्रियेत, गेली होती. 2014 मध्ये अपिलातही करखातं हरलं. पारडं फिरलं ते 2015 मध्ये, एडिनबरोच्या कोर्ट ऑफ सेशनमध्ये, आणि 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने शिक्कामोर्तब केलं: कामाचा मोबदला कुणाच्याही खिशातून फिरवून आणा, तो मोबदलाच. माझ्या मते निकाल शंभर टक्के बरोबर. पण तो आला तेव्हा क्लब बुडून पाच वर्षं झाली होती.

मग बुडवलं कशाने? मे 2011 मध्ये क्रेग व्हाइट नावाच्या गृहस्थांनी क्लब एका पौंडाला घेतला, बँकेचं सुमारे 1.8 कोटींचं कर्ज फेडायच्या बोलीवर. ते फेडायला पैसे कुठून आणले? पुढच्या हंगामांची सीझन तिकिटं टिकेटस नावाच्या कंपनीला आगाऊ विकून! म्हणजे चाहत्यांनी अजून न भरलेल्या पैशातूनच त्यांचा क्लब विकत घेतला गेला. (पुढे फसवणुकीच्या खटल्यात ज्युरीने व्हाइटना निर्दोष ठरवलं, हेही सांगायला हवं.) आणि त्यांच्या कारकिर्दीत पगारातून कापलेला कर आणि व्हॅट सरकारकडे जमाच झाला नाही. नऊ महिन्यांत सुमारे 90 लाख पौंड. आपल्याकडे टीडीएस कापून न भरणारा क्लायंट आला की आम्ही सीए लोक आधी खुर्ची सरसावतो, कारण तो पैसा मालकाचा नसतोच. करखात्याने कोर्टाची पायरी चढली ती या थकबाकीसाठी.

ईबीटीचा हात नव्हता असं नाही. निकाल विरोधात गेला तर केवढं बिल येईल या भीतीने ऐपतवाले खरेदीदार लांब राहिले आणि क्लब एका पौंडवाल्याच्या पदरात पडला. रेंजर्सवाले 'करखात्याने मारलं' म्हणतात आणि सेल्टिकवाले 'करचोरी करून मेले' म्हणतात, ते दोघेही या मधल्या पायरीवरून उडी मारतात.

पुढचं माहीतच आहे. जून 2012 मध्ये करखात्याने थकबाकीची तडजोड फेटाळली, मालमत्ता 55 लाख पौंडांना नव्या कंपनीकडे गेली, संघ थेट चौथ्या श्रेणीत. सेल्टिकवाल्यांनी आनंदाने जेली-आइस्क्रीमची पार्टी केली. आयब्रॉक्सवर ईस्ट स्टर्लिंगशायरसारख्या चिमुकल्या संघाविरुद्ध 49 हजारांवर माणसं आली. चौथ्या श्रेणीत! असल्या प्रेमापुढे माझी बोलती बंद होते. पण तेच प्रेम 2011 मध्ये 'एका पौंडवाल्याचे पैसे कुठून आले' असं ओरडून विचारायला कमी पडलं, हेही खरंच.

मला सगळ्यात जास्त लागली ती क्लबकडे ज्यांचे पैसे अडकले त्यांची यादी. करखातं आणि टिकेटस सगळ्यांना आठवतात. त्याच यादीत रुग्णवाहिका सेवा आहे, आणि मुलांचे चेहरे रंगवणारी एक बाई आहे, येणं 40 पौंड. तिच्यावरचा बॅनर मला तरी दिसला नाही. उलट 2015 मध्ये सेल्टिकच्या चाहत्यांनी वर्गणी काढून वर्तमानपत्रात पानभर जाहिरात दिली, ती कशासाठी? हा क्लब नवा आहे हे सांगायला. अरे, 1994 साली तुमचाच सेल्टिक दिवाळखोरीपासून काही तासांवर होता, फर्गस मॅकॅन या उद्योजकाने ताबा घेतला म्हणून वाचला. जरा दमानं.

लीग किती, यावर माझं मत विचाराल तर 55. लीगने नेमलेल्या चौकशी आयोगाने ती ट्रस्टची पत्रं लपवल्याबद्दल अडीच लाख पौंडांचा दंड केला आणि विजेतेपदं काढली नाहीत. मला तेवढं पुरे. पण चेहरे रंगवणाऱ्या बाईचे 40 पौंड आधी चुकते करायला हवे होते, जुन्या क्लबचा इतिहास हवा तर त्याची उधारीही घ्या.

मे 2025 मध्ये अमेरिकी गटाने रेंजर्सचा 51 टक्के हिस्सा घेतला आणि दोन कोटी पौंड घालायचं जाहीर केलं. त्या दिवशी ग्रुपवर पहिला मेसेज, नवा स्ट्रायकर कोण आणणार? मी विचारलं, पैसे शेअर भांडवल म्हणून येतायत की कर्ज म्हणून? एकाने हसायचा इमोजी टाकला, दुसऱ्याने 'साहेब, ऑडिट सोमवारी करा'.