मांजरांना भांडू द्या

परवडणारी घरं बांधायला आणि मोकळी जमीन राखायला सरकार एकाच वेळी पैसे काढणार, अशी कुणकुण तुमच्या कानावर आली असेल. घाबरू नका. विरोध तर मुळीच करू नका, विरोध करणारा लगेच डोळ्यांवर येतो. तुम्ही दोन्हींना पाठिंबा द्या, अगदी भरघोस द्या. फक्त दोन्हींना एकाच दिवशी देऊ नका.

घरांचा प्रस्ताव आला की पाखरं आठवायची. जमीन राखायचा आला की बेघर आठवायचे. एरवी दोघांची आठवण काढायचं काही कारण नाही. जाहीर सुनावणीला मात्र न चुकता जा आणि मागच्या रांगेत बसा. कडेवर पोर घेऊन एक बाई उठेल. सांगेल की निम्मा पगार भाड्यात जातो आणि घर बदललं की मोठीची शाळाही बदलते. मग एक निवृत्त मास्तर उठतील. बगलेतल्या फायलीतून पाणथळीवरच्या पक्ष्यांचे फोटो काढतील आणि एकेकाचं नाव सांगतील, घरातल्यांचं सांगावं तसं. दोघंही खरं बोलत असतात, हीच तर तुमची सोय. तुम्ही एवढंच विचारायचं, "मग आधी कोण? माणूस की पक्षी?" आणि खाली बसायचं. पुढचे दोन तास तोंड उघडावं लागत नाही. लोण्याच्या गोळ्यावरून भांडणाऱ्या मांजरांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय, पण त्यातलं माकड किती कमी बोलतं, तिकडे कुणाचं लक्ष जात नाही.

एकच काळजी घ्या. सभागृहाच्या खिडकीतून समोरचं बंद गोदाम दिसत असेल, तर पडदा ओढून घ्या. तिथे रस्ता आहे, पाणी आहे, गटार आहे आणि पक्षी नाही. कुणी तिकडे बोट दाखवलं तर भांडणच मिटेल.

'परवडणारी' हा शब्द सोडू नका. फक्त 'कुणाला' हे कुणी विचारायच्या आत उत्पन्नाची सरासरी काढा. तुमचं उत्पन्न आणि तुमच्या ऑफिसात झाडू मारणाऱ्याचं उत्पन्न यांची सरासरी दोघांपैकी कुणाचीच नसते, पण तिच्यावर ठरलेली किंमत तुम्हाला छान परवडते. परवडणं आणि परवड यांत फारसं अंतर नाही, हे भाषेने कधीच ओळखलंय. जमीन राखायची तर उभ्या चढाची राखा, जिथे शेळीसुद्धा जपून पाय टाकते. ओढ्याकाठची सपाट जमीन राखायची घाई नको. आपलं घर बांधून झालं की तिथून पुढे निसर्ग सुरू होतो.

खरा धोका वेगळाच आहे. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात घरंवाले, शेतजमीनवाले आणि जुन्या वास्तू जपणारे एकत्र आले आणि १९८७ साली त्यांनी विधिमंडळाकडून एकच मंडळ पदरात पाडून घेतलं. घरं आणि जमीन, दोन्हींना पैसा एकाच तिजोरीतून, आणि त्या तिजोरीत मालमत्ता हस्तांतरणाच्या कराचा वाटा. मांजरांनी लोणी आपापसांत वाटून घेतलं तर माकडाने जगावं कसं? शेजारच्या मॅसॅच्युसेट्सने २००० साली हीच खोड उचलली. तिथली गावं मतदान घेऊन मालमत्ता करावर ३ टक्क्यांपर्यंत अधिभार लावू शकतात, आणि घरं, मोकळ्या जागा, वारसावास्तू यांना प्रत्येकी किमान १० टक्के द्यावेच लागतात.

कुणी व्हिएन्नाचं नाव काढलं तर आणखी सावध राहा. १९२३ साली तिथल्या पालिकेने घरबांधणीसाठी खास कर लावला, मोठ्या घरांना चढ्या दराने. शॅम्पेन आणि घरच्या नोकरचाकरांवरही वेगळा कर होताच. १९३० साली खुल्या झालेल्या एका वसाहतीत १,३८२ घरं बसवली, आणि बांधकाम भूखंडाच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी जागेत! बाकी सगळी अंगणं, बागा, पोरांना खेळायला मैदानं. यावर म्हणायचं, "हो, पण ती शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट." लोक आजही तिथे राहतात हे कुणी सांगायच्या आत विषय बदला.

इतकं करूनही घरं उभी राहिलीच, तर विकून टाका. ब्रिटनने १९८० च्या कायद्याने पालिकेची घरं भाडेकरूंना मोठ्या सवलतीत विकायला काढली. घेणाऱ्यांचं भलं झालं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यांतली बरीच घरं फिरत फिरत खासगी मालकांकडे गेली, आणि बेघरांची तात्पुरती सोय करायला काही पालिका आपलीच जुनी घरं भाड्याने घेऊ लागल्या. एकाच घरावर जनतेचा पैसा दोनदा. याहून घसघशीत सार्वजनिक गुंतवणूक कोणती? जमीन न्यासाकडे ठेवून घर तेवढं विकायचं आणि पुढच्या विक्रीच्या नफ्यावर मर्यादा घालायची, असाही एक उद्योग बर्लिंग्टन शहरात १९८४ पासून चालू आहे. (हेही व्हरमाँटमध्येच. त्या राज्यावर नजर ठेवायला हवी.)

आणि सुनावणी संपली म्हणून लगेच घरी जाऊ नका. परवा मी पाहिलं, बाहेरच्या बाकावर ती बाई आणि ते मास्तर शेजारी शेजारी बसले होते. पोर फोटोतल्या पक्ष्यावर बोट ठेवत होतं, मास्तर नाव सांगत होते, आणि बाई त्यांना खिडकीतून दिसणाऱ्या गोदामाबद्दल काही विचारत होती. पुढच्या वेळी बाक आधीच उचलून ठेवा. आत खुर्च्यांच्या दोन रांगा लावा आणि मध्ये भरपूर जागा सोडा. तेवढी मोकळी जागा मात्र आपण मनापासून राखू.