केमोतल्या तापाला ‘शरीरशुद्धी’ म्हणणारा मेसेज

“केमो म्हणजे विष. ताप आला की समजा शरीर ते विष बाहेर टाकतंय, औषध घेऊ नका. साखर सोडा, कॅन्सर उपाशी मरतो. लिंबू-सोडा प्या, रक्त अल्कधर्मी होतं.” फुफ्फुसाच्या कॅन्सरवर केमो घेणाऱ्या माझ्या मावशीला हा मेसेज काळजीपोटीच कुणीतरी पाठवला. “ताप आला तर खरंच थांबायचं का गं?” असं तिने विचारलं, तेव्हा माझा संयम संपला.

आधी तापाचं, कारण यात जीव जाऊ शकतो. केमोने रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटतात. बऱ्याच औषधांत डोसनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत त्या तळाला जातात. पेशीच नसल्या की पू धरत नाही, सूज दिसत नाही, कधी कधी एक्स-रेही सुरुवातीला साफ दिसतो. जंतुसंसर्गाची खूण म्हणून फक्त ताप उरतो. त्यात गाठीने श्वासनळीची फांदी अडवली असेल, तर तिच्यामागे कफ साचून न्यूमोनिया व्हायला वेळ लागत नाही. म्हणून थर्मामीटरवर 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट दिसलं की रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटलला फोन करायचा. तिथे शिरेतून अँटिबायोटिक तासाभरात सुरू करण्याची धडपड असते, आणि हा मेसेज सांगतो थांबा! थंडी वाजून हुडहुडी भरली, तर आकडा चढायचीही वाट बघायची नाही. विचारल्याशिवाय पॅरासिटामॉल घेऊन ताप दाबायचाही नाही.

सोड्याचं थोडक्यात. रक्ताचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कधर्मीपणाचं माप, 7.35 ते 7.45 यांच्यामध्ये फुफ्फुसं आणि मूत्रपिंडं सांभाळतात, लिंबू नाही. ऑटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञांचं नाव या मेसेजांत हमखास असतं. त्यांना 1931 चं नोबेल पेशींच्या श्वसनातल्या विकरावरच्या (एन्झाइमवरच्या) कामासाठी मिळालं, अल्कधर्मी आहारासाठी नव्हे.

साखर? कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज जास्त ओढतात, हे खरं आहे. पण खाणं तोडलं तर यकृत स्नायूंतल्या प्रथिनांपासून ग्लुकोज बनवतं. गाठ उपाशी राहत नाही, माणूस मात्र खंगतो. या आजारात वजन आधीच घटत असतं, त्यात पथ्याच्या नावाखाली घासभर अन्नही काढून घ्यायचं?

‘केमो विष आहे’ यात अर्धं सत्य आहे, नाइलाजाने मान्य करते. झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारणारं ते औषध आहे, त्यात चांगल्याही मरतात. चौथ्या स्टेजला, म्हणजे कॅन्सर दूर पसरल्यावर, त्याने आजार सहसा मुळापासून जात नाही. आयुष्य वाढतं, दम आणि खोकला कमी होऊ शकतो. पण सोडून दिलं तर काय होतं? अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये, कॅन्सर दूर पसरण्याआधीच नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतलेल्या 281 रुग्णांची तुलना नेहमीचे उपचार घेणाऱ्यांशी केली. एकूण मृत्यूचा धोका अडीचपट निघाला, फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये दुपटीहून जास्त.

केमो सोसवत नसेल तर ते डॉक्टरांना सांगा. उलट्यांची औषधं बदलता येतात, डोस कमी करता येतो, पुढे ढकलता येतो, बऱ्याचदा सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाऐवजी कार्बोप्लॅटिन हे दुसरं औषध देता येतं.