गेलात की गेला असाल?

दाढ दुखत होती म्हणून मी ट्रेनिंग अर्ध्यावर सोडून गेलो. प्रकरण एवढंच. पण ते ट्रेनिंग 'मॅन्डेटरी' होतं, आणि त्याचा विषय होता 'प्रभावी संवाद'. दुसऱ्या दिवशी सकाळी एचआरची मेल येऊन पडली: लेखी खुलासा, इंग्रजीत, छापील, सहीनिशी. 'मस्ट बी सबमिटेड बाय फाइव्ह.'

माझं इंग्रजी वाईट नाही, असं माझं काल दुपारी साडेचारपर्यंत मत होतं. मनात मराठी वाक्य तयार होतं: दाढदुखीमुळे मला लवकर जावं लागलं. जावं लागतं म्हणजे 'मस्ट गो'. मग जावं लागलं म्हणजे काय? गोष्ट कालची आहे तर मध्ये एक 'हॅव' घालू. 'आय मस्ट हॅव लेफ्ट अर्ली ड्यू टु टूथएक.' वाक्य भारदस्त दिसलं. मी प्रिंट दिली आणि प्रिंटरने ती गिळली.

प्रिंटरपाशी दुरुस्तीवाला आधीच होता. फरशीवर मांडी घालून बसलेला, कोपरापर्यंत टोनर, दातात टॉर्च. त्याने प्रिंटरच्या पोटात हात घातला, माझा खुलासा चुण्याचुण्या झालेल्या अवस्थेत बाहेर ओढला, गुडघ्यावर ठेवून तळव्याने सपाट केला आणि वाचला. दुसऱ्याचा कागद वाचू नये हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत का? वाचला तो वाचला, वर टॉर्च काढून मोठ्याने वाचला.

"साहेब, हे तुमचं?"

"हो. द्या इकडे."

दिला नाही. "म्हणजे तुम्ही लवकर गेला असाल."

"गेला असाल काय? गेलो."

"कागदावर 'गेला असाल' आहे. मस्ट हॅव लेफ्ट. लवकरच गेला असणार, असा अंदाज."

"माझा अंदाज? माझ्याचबद्दल?"

"तेच तर म्हणतोय. नक्की आठवत नाहीये का? भूल वगैरे दिली होती का दाढेला?"

एचआरच्या मॅडमची बोटं कीबोर्डवर थांबली. अख्ख्या ट्रेनिंगमध्ये त्यांच्या चेहऱ्यावर एवढा रस मला दिसला नव्हता.

मी म्हटलं, मला जबरदस्ती दाखवायची आहे, नाइलाज दाखवायचा आहे. मस्ट म्हणजे सक्तीच ना? त्याने माझ्याकडे अशा सहानुभूतीने पाहिलं, जशी वॉरंटी कालच संपलेल्या माणसाच्या वाट्याला येते.

"सक्तीच. पण आजची किंवा उद्याची. सक्तीच्या मस्टला भूतकाळ येत नाही, साहेब. तो पार्ट कंपनी बनवतच नाही. 'हॅड टु' लावून चालवायचं, सगळं जग तेच लावतं. तुम्ही हॅव लावलात की सक्ती जाते, नुसता अंदाज उरतो."

"तुम्ही इंग्रजी शिकवता का हो?"

"छे. मॅन्युअलं वाचतो. मॅन्युअलात 'मस्ट' असेल आणि नाही केलं तर मशीन जळतं. 'शुड' असेल आणि नाही केलं तर वॉरंटी जाते. 'मे' असेल तर ते लिहिणाऱ्यालाच माहीत नसतं." मग मॅडमकडे वळून, आवाज किंचित खाली आणून, "आता आजचीच तक्रार घ्या. तुमच्याकडून आलेली. 'द रोलर मस्ट बी ब्रोकन.' मी दोनदा वाचली. रोलर तुटलाच पाहिजे असा हुकूम, की रोलर तुटला असेल असा अंदाज? हुकूम असता तर मी हातोडी आणली असती. येऊन पाहिलं तर रोलर ठणठणीत. म्हणजे अंदाजच होता, आणि तोही चुकीचा."

तक्रार मॅडमनीच लिहिली होती. मला काही क्षण फार बरं वाटलं. ते फार टिकलं नाही, कारण मॅडम म्हणाल्या, "तुम्ही तेवढं पुन्हा लिहून आणा."

आता खरं सांगतो, तो माणूस चुकलेला निघावा म्हणून मी काल रात्री दुखऱ्या दाढेवर हात धरून शब्दकोश चाळला. चुकलेला निघाला नाही. पण जे निघालं ते वाचून मी अंथरुणात उठून बसलो. हा 'मस्ट' मुळात स्वतःच भूतकाळ आहे! जुन्या इंग्रजीत 'मोतान' असं क्रियापद होतं, त्याचं भूतकाळी रूप 'मोस्ते', आणि त्याचाच पुढे 'मस्ट' झाला. जो स्वतःच भूत आहे त्याला आणखी भूतकाळ कुठून येणार? त्याहून कहर म्हणजे त्या 'मोतान'चा अर्थ मुख्यतः सक्ती नव्हताच, मुभा होता. करू शकतो, करायला परवानगी आहे. परवानगीची सक्ती कधी झाली हे कुणाच्या लक्षात आलं नसणार. मला त्यात नवल वाटलं नाही. 'ज्यांना यायचं असेल त्यांनी यावं' अशा मेलने सुरू झालेलं हे आमचं ट्रेनिंग तिसऱ्या मेलपर्यंत मॅन्डेटरी झालं होतं. आणि 'मॅन्डेटरी'च्या मुळाशी लॅटिनमध्ये आहे 'हातात देणे'. बरोबरच आहे, हातात दिलं की झालं. हात मोकळा आहे का, हे बघायची जबाबदारी कुणाची नाही.

त्याच शब्दकोशात आणखी एक मस्ट भेटला, माजावर आलेल्या हत्तीचा. तो फारसीतल्या 'मस्त'वरून इंग्रजीत गेला, म्हणजे आपल्या 'मस्त'चा सख्खा भाऊ. त्या दिवसांत नर हत्तीच्या कानशिलापासून स्राव वाहतो आणि समोर कोण आहे याची तो पर्वा करत नाही. एचआरच्या मेलमधला मस्ट कुठल्या घराण्यातला, याबद्दल माझी खात्री आता डळमळीत आहे.

आणि नकार लावला की वेगळीच तऱ्हा. इंग्रजीत 'मस्ट नॉट' म्हणजे खबरदार, करायचं नाही. जर्मनमध्ये त्याचाच चुलतभाऊ 'म्युसेन', त्याला नकार लावला की अर्थ होतो, नाही केलं तरी चालेल. एकाच कुळातले दोघे, एक दरडावतो, दुसरा सोडून देतो. अर्थात आपण हसण्यात अर्थ नाही. 'उद्या यायला नको' हे वाक्य वरिष्ठांनी उच्चारलं की मीसुद्धा घरी जाईपर्यंत विचार करतो, सुट्टी दिली की काढून टाकलं.

दुरुस्तीवाल्याची ती मॅन्युअलची वर्गवारीही हवेतली नव्हती. इंटरनेटचे तांत्रिक नियम लिहिणाऱ्यांनी १९९७ साली या शब्दांसाठी एक वेगळा दस्तऐवजच काढला, आरएफसी २११९. मस्ट म्हणजे बिनशर्त. शुड म्हणजे सबळ कारण असेल आणि परिणामांचा नीट विचार केला असेल, तर टाळता येतं. मे म्हणजे ऐच्छिक. म्हणजे निर्जीव यंत्रांनाही एक शुड मिळतो. माझ्या दाढेला मिळाला नाही.

ती दाढ कशी आहे, हे काल कुणी विचारलं असेल तर त्या दुरुस्तीवाल्याने, आणि तेही व्याकरणापुरतं.

मी मॅडमना शेवटी विचारलंच. "हा खुलासा कुणाला लागतो?"

"लागतो तो."

"पण कुणाला?"

"प्रोसेसला लागतो."

इथे मला मराठीचाही राग आला. आपलं हे 'लागणं' बघा. ठेच लागते, नजर लागते, आग लागते, ऊन लागतं, आणि त्याच रांगेत जावं लागतं, लिहावं लागतं. कुणी लावलं ते वाक्यात कुठेच नाही. सक्ती झाली की 'मी' मुकाट्याने उठतो आणि त्याच्या जागी 'मला' येऊन बसतो. इंग्रजीतला 'आय' निदान ताठ उभा राहून 'मस्ट' म्हणतो, पण दामटणारा माणूस त्याच्याही वाक्यात सापडत नाही. 'मस्ट बी सबमिटेड.' कुणी म्हटलं हे? मेलखाली नाव नव्हतं, नुसतं 'टीम' होतं. गेल्या महिन्यातल्या अशा अकरा मेल मी मोजल्या, एकीखालीही माणूस नाही. प्रोसेसला दाढा नसतात, तिला काय.

असो. मी जागेवर जाऊन 'आय हॅड टु लीव्ह अर्ली' असं लिहिलं, डॉक्टरांची चिठ्ठी जोडली आणि पुन्हा काउंटरवर आलो. पाचाला सात मिनिटं होती. तो माणूस हात पुसत होता, पिशवीची चेन अर्धी लागली होती.

"प्रिंटर झाला?" मी विचारलं.

"झाला असेल," तो म्हणाला आणि निघाला.

मी बटण दाबलं. आत घरघर झाली, काहीतरी कुरकुरलं, आणि कागदाचं वरचं टोक सावकाश बाहेर आलं. तारीख आली, 'डिअर मॅडम' आलं, त्याखालच्या ओळीची अक्षरं अर्ध्यापर्यंत दिसली, आणि तो थांबला.